विमानं बंद होती ते पाच आठवडे

पट्टीजवळची वस्ती, अकोला
१९ सप्टेंबर १९६५

इंदू,

जय भीम. पत्र फाडू नकोस. फाडायचंच असेल तर आधी वाच, मग फाड.

अचलपूरचा पत्ता शेजारच्या जानरावच्या बायकोनं, मैनानं दिला. तू तिथल्या बोर्डिंगात पोरींचा स्वयंपाक करतेस, हेही तिनंच सांगितलं. सख्ख्या बहिणीचा ठावठिकाणा शेजारणीकडून कळावा हे मला लागलं. पण बोलायचा हक्क मला किती उरला आहे ते तूच ठरव.

लिहायचं कारण असं की धावपट्टीवरची विमानं बंद झाली आहेत. लढाई लागली आणि पेट्रोल सगळं लष्कराकडे गेलं. कंपनीचे दोन्ही पायलटही तिकडे बोलावले. फवारणीची दोन्ही विमानं पत्र्याच्या शेडमध्ये उभी आहेत. आज चौदावा दिवस.

पहिले तीन-चार दिवस काही जाणवलं नाही. कान नुसते बधिर होते. आठव्या दिवशी सकाळी उठलो, तोंड धुतलं, चहा घेतला, आणि मग ध्यानात आलं की आज मी खोकलोच नाही. बाहेर येऊन उभा राहिलो. कोणीच खोकत नव्हतं. आपल्या वस्तीत दिवस उजाडला की सगळ्या घरांतून एकदम खोकला सुरू व्हायचा ना? तुझे बुधाजी म्हणायचे, इथं कोंबडा पाळायची गरज नाही.

विमान उडायच्या आधी जागेवर उभं राहून पंखा फिरवतं, तेव्हा भरताना सांडलेली सगळी पावडर उडून आपल्या घरांवर यायची. दिवसातून वीस-वीस वेळा. ती आता येत नाही. दोन सरी पडल्या आणि छपरांचा रंग दिसायला लागला. विहिरीच्या पाण्यावर पांढरी साय धरायची, ती गेली. भाकरीला ज्वारीची चव लागते. निंबाला माश्या बसल्या आहेत, मधाच्या. चार वर्षांत मी या वस्तीत मधमाशी पाहिली नव्हती.

मंगळवारी येणाऱ्या नर्सबाई, पार्वताबाई, तुला माहीत आहेत. त्यांनी रजिस्टर उघडून दाखवलं. "पाह्य पुंजाराम, ऑगस्टात खोकल्याचे अन डोळ्याचे मिळून एकसष्ट लोक आले होते. या पंधरा दिवसांत नऊ." मग माझ्याकडे पाहून म्हणाल्या, "अन विमानं पुन्हा सुरू झाले तं?" मी मुकादम आहे. माणसं कामाला मीच धाडतो.

तू परत ये. घर झाडून ठेवलं आहे. बुधाजींचं जे झालं ते झालं. विमानाचं चाक लागलं, अपघात होता. त्यांनी त्या दिवशी दारू घेतली होती हे तुला पटत नाही, मला माहीत आहे. पण पोलिसांच्या कागदावर तसं आहे आणि तो कागद मी लिहिलेला नाही.

तुझा दादा,
पुंजाराम


अकोला
२९ सप्टेंबर १९६५

इंदू,

तुझं कार्ड मिळालं. कार्ड उघडं असतं, पोस्टमननं वाचलं असणार. देताना त्यानं माझ्याकडे पाहिलं नाही.

एकच ओळ लिहिलीस. 'हवेचं मले सांगू नोको. त्यांच्या तोंडाले वास कायचा होता, ते सांग.'

त्याच्या आधीचं सांगतो. तू त्या सकाळी निंदायला गेली होतीस, तू काही पाहिलं नाहीस.

झेंडेवाल्याचं काम म्हणजे काय असतं ते बुधाजी घरी सांगत नसत. पऱ्हाटीच्या शेतात एका टोकाला झेंडा धरून उभं राहायचं. पायलट तो झेंडा बघून सरळ अंगावर येतो. डोक्यावर दोन पुरुष उंचीवरून विमान जातं आणि सगळं औषध त्या माणसावर पडतं. मग नऊ पावलं बाजूला सरकायचं, पुन्हा झेंडा उभा करायचा. असं दिवसभर. तोंडाला उपरणं, बाकी काही नाही. नुसती पावडर होती तोवर निभत होतं. गेल्या वर्षी ऑगस्टात बोंडअळीसाठी पातळ औषध आलं आणि त्यानंतर बुधाजींचे हात कापायला लागले. सदऱ्याचं बटण त्यांना लावता येत नव्हतं. तूच लावायचीस. तुला वाटलं असेल लाड करून घेतात.

त्या दिवशी सकाळी ते माझ्यापुढं येऊन उभे राहिले. तोंडातून लाळ गळत होती आणि ती त्यांना कळतही नव्हती.

"दादा, आज मले धाडू नोको. मले दोन दोन झेंडे दिसून राहिले."

मी म्हणालो, "मंग दोन्ही धर."

लोक हसले. मीही हसलो. बुधाजींनी झेंडा खाली ठेवला. "मी नाही जात," म्हणाले. ओरडून नाही, तू भाजी नको म्हणतेस तसं. आणि त्यांचं बघून बाकीच्या पाच जणांनी आपापले झेंडे खाली ठेवले.

केशवराव जीपपाशी उभे होते. कंपनीचा इथला सगळा कारभार त्यांच्या हातात, हे तू जाणतेस. त्यांनी फक्त घड्याळ बघितलं.

मी झेंड्याचा बांबू उचलला आणि बुधाजींना मारलं. पहिला फटका पाठीत. दुसरा खांद्यावर, तेव्हा आत काहीतरी मोडल्याचा आवाज मला ऐकू आला. तिसरा ते गुडघ्यावर आल्यावर. तीन म्हणून थांबलो होतो, पण ही ओळ लिहिताना माझा मलाच राग आला. चौथाही होता. तो तोंडावर.

बाकीच्या पाच जणांनी झेंडे उचलले. माझं काम झालं होतं. इंदू, खरं सांगतो, त्या वेळी मला वाईट वाटलं नाही. चार वर्षं माणसं हाकताना माझा हात असाच पडत आला. आपल्याच माणसावर जोरात मारला की वरच्यांचा भरवसा बसतो, हे मी फार लवकर शिकलो होतो.

बुधाजी उठले. उजवा हात लोंबत होता. डाव्या हातानं झेंडा घेतला. जाताना म्हणाले, "इंदूले सांगू नोको. तू तिचा भाऊ आहेस."

तासाभरानं चाक लागलं. त्यांना विमान दिसलंच नसेल, किंवा दोन दिसली असतील आणि ते भलत्या विमानापासून बाजूला झाले असतील.

वासाचं विचारलंस. ते मला माहीत नाही.

पुंजाराम


सरकारी दवाखाना, अकोला
१७ ऑक्टोबर १९६५

इंदू,

अक्षर वेगळं आहे, घाबरू नकोस. पार्वताबाई लिहून घेत आहेत. माझ्या उजव्या हाताची तीन बोटं मोडली आहेत, दोन बरगड्या, आणि डाव्या डोळ्याला पट्टी आहे. जगणार आहे.

लढाई थांबली, पेट्रोल सुटलं, पायलट परत आले. अकरा तारखेला विमानं शेडमधून बाहेर काढायची होती. सकाळी जाऊन बघतो तर आपली वस्ती पट्टीवर बसलेली. साठ-सत्तर माणसं, बायका धरून. पुढे जानराव. तोच जानराव, जो चार वर्षं माझ्या हाताखाली पावडर भरत होता आणि वर मान करून बोलला नव्हता.

मी म्हणालो, "उठ जानराव. कायले मरतं?"

तो म्हणाला, "मरत तं होतोच, मुकादम. पाच हप्ते इमान नाही आलं तवा मालूम झालं. माही मैना पाच हप्ते रातभर झोपली. आता आमी नाही उठत. तुमचं इमान गावापासून दूर न्या."

केशवरावांनी बाहेरून अकरा माणसं आणली होती. ट्रकातून लाठ्या उतरवल्या. पहिली माझ्या हातात दिली. "तुझे लोक आहेत. सुरुवात तूच कर."

आणि मी केली. हे तुला लिहायचं नव्हतं, पार्वताबाईंनाही सांगायचं नव्हतं. पण त्या दिवशी त्यांनीच जानरावच्या डोक्याला टाके घातले, त्यांना माहीत आहे. मी जानरावच्या कपाळावर मारलं. कातडी फाटून भुवईवर आली. अकरा जण बायकांच्या केसांना धरून ओढायला लागले. मैना पट्टीची माती धरून पालथी पडली होती, एकानं तिच्या मनगटावर बूट ठेवला आणि वळला. तो आवाज मी आधी ऐकलेला होता. बुधाजींच्या खांद्याचा.

जानराव खाली पडला नाही. डोळ्यांत रक्त गेलं होतं, त्याला मी दिसत नसेन. तो माझ्या दिशेनं म्हणाला, "बुधाजीले मारलं तसंच मारून राहिला. मंग पुरे कर. चौथा तोंडावर मार."

माझा हात वर होता तो वरच राहिला.

तेवढ्यात केशवरावांनी पायलटला खूण केली. पायलट तयार नव्हता, मान हलवत होता, मी पाहिलं. पण मग इंजिन सुरू झालं. विमान भरलेलं होतं, भोवती पावडर सांडलेली होती. त्यांनी विमानाचं शेपूट लोकांकडे वळवलं आणि पंखा जोरात सोडला. पांढरी भिंत आली, इंदू. सगळे लोक त्यात गेले. नुसता खोकला ऐकू येत होता आणि बायकांचं ओकणं.

मीही त्यात होतो. हीच पावडर चार वर्षं मी नाकातोंडात घेतली होती आणि वर तंबाखू खाल्ला होता. आता पाच आठवडे चांगली हवा घेतलेली छाती ती घेईना. श्वासच आत जाईना. गुडघ्यावर आलो, ओकलो, आणि लाळ गळायला लागली. मी हातानं हनुवटी पुसली आणि मला बुधाजींचं तोंड दिसलं. त्यांना पुसायचं भान नव्हतं. मी हसलो होतो.

मी उठलो. केशवराव जीपपाशी नाकाला रुमाल लावून उभे होते. त्यांना मी पायावर मारलं, म्हणजे ते पळू नयेत. ते पडल्यावर छातीवर बसलो आणि लाठीचं टोक तोंडावर आपटलं. दात पडले. किती ते पोलिसांनी मोजले असतील. "पुंजाराम, अरे मी आहे, मी," असं ते म्हणत होते. जणू मी चुकून दुसऱ्याला मारत होतो. मला बरं वाटलं. पार्वताबाई म्हणतात हे वाक्य लिहू नका. लिहा म्हणतो. बुधाजींना मारताना जसं बरं वाटलं होतं तसंच वाटलं, काही फरक नव्हता, म्हणून सांगतो. माणूस बदलला, हात तोच.

मग त्या अकरा जणांनी मला धरलं.

इंजिन मात्र बंद झालं होतं. पायलटनंच बंद केलं. विमान तिथंच सोडून तो चालत अकोल्याकडे गेला.

काल केशवरावांचा माणूस खाटेपाशी आला होता. म्हणाला, मारहाणीचं ते सोडून देतील, फक्त बुधाजींच्या बाबतीत आधी जी साक्ष दिली तीच कायम ठेव. वस्तीच्या अर्जावरून आता मोठी चौकशी लागणार आहे. त्यात त्या मरणाचंही निघणार.

म्हणून वासाचं सांगतो.

चाक लागलं तेव्हा मी शेताच्या बांधावर होतो. सगळ्यात आधी मी पोचलो. डोक्याची एक बाजू आत गेली होती. मी त्यांचं डोकं मांडीवर घेतलं. केशवराव जीप घेऊन आले. खांदा पाहिला, तोंडावरचा बांबूचा वळ पाहिला. म्हणाले, "हे चाकानं झालेलं नाही, पुंजाराम. हे तुझं आहे. फाशी जाशील. पिऊन चाकाखाली आला म्हटलं, तर वळ कोणी बघणार नाही." जीपमध्ये बाटली होती. ती त्यांनी माझ्या हातात दिली आणि पाठ वळवली.

मी बुधाजींच्या तोंडात दारू ओतली.

ते मेलेले नव्हते, इंदू. डोळे मिटलेले होते, पण छाती हलत होती. पहिला घोट त्यांनी गिळला. पाणी समजून गिळला. नागपूरहून दीक्षा घेऊन आल्यापासून त्या माणसानं दारूला हात लावला नव्हता. आणखी पाहिजे म्हणून त्यांनी ओठ उघडले. मी आणखी ओतली. दुसरा घोट आत गेला नाही.

पार्वताबाई इथं थांबल्या होत्या. खिडकीकडे जाऊन उभ्या राहिल्या. मग येऊन बसल्या आणि म्हणाल्या, सांगा, लिहिते.

सरणापाशी तू वाकलीस आणि माझ्याकडे पाहून विचारलंस, "दादा, हा वास कायचा?" मी म्हणालो, मले काय मालूम. तू त्या दिवसापासून माझ्याशी बोलली नाहीस. बरोबर केलंस.

पुंजाराम


अकोला
८ जानेवारी १९६६

इंदू,

उत्तर आलं नाही. मागायचंही नाही.

चौकशी अमरावतीला आहे, या महिन्याच्या एकवीस तारखेला, कचेरीत, अकरा वाजता. तुला अचलपूरहून एस.टी. आहे. ये असं म्हणत नाही. तारीख कळावी म्हणून लिहितो.

हाताचं प्लास्टर निघालं आहे, पण मूठ वळत नाही. डॉक्टर म्हणतात वळणार नाही. मला त्याचं दुःख नाही.

परवा केशवरावांची दोन माणसं घरात आली. चूल फोडली, मडकी फोडली, मला भिंतीला धरून पोटात मारलं आणि गेली. शेजारून जानराव आला. टाके पडलेलं कपाळ घेऊन दारात उभा राहिला. मला वाटलं आता हाही मारेल, आणि मी हात वर केला नाही. त्यानं नुसती फुटकी मडकी गोळा केली. म्हणाला, "साक्ष देल्याशिवाय मरू नोको. मंग काय करतं ते कर." दिवसातून दोनदा मैना एका हातानं थापलेली भाकर पाठवते. ती मला खाववत नाही, पण खातो.

पुंजाराम


अकोला तुरुंग
१३ मार्च १९६६

इंदू,

केशवरावांना मारल्याबद्दल मला आठ महिन्यांची शिक्षा झाली. खोट्या साक्षीचा आणि बुधाजींचा खटला वेगळा चालेल, त्यात किती होईल ते सांगता येत नाही. केशवरावही जामिनावर आहेत. कंपनीच्या वकिलानं सगळं माझ्यावर ढकललं आहे आणि त्यातलं बरंचसं माझंच आहे.

जानराव भेटून गेला. वस्तीजवळून उडायला मनाई झाली. विमानं कंपनीनं दुसरीकडे नेली. ती कुठं उतरतात, आणि तिथं वाऱ्याच्या बाजूला कोणाची घरं आहेत, ते त्यालाही माहीत नाही. पार्वताबाईंचं रजिस्टर चौकशीच्या साहेबांनी ठेवून घेतलं. वस्तीत मधाचं पोळं लागलं आहे म्हणे, पोरं दगड मारतात.

चौकशीच्या दिवसाचं लिहायचं राहिलं. तू तिथं होतीस, पण शेवटच्या बाकावर होतीस. पुढं काय झालं ते तुला दिसलं नसेल.

तू आल्याचं मला कळलं नव्हतं. मी साहेबांसमोर उभा होतो. डावीकडे केशवराव, नवीन दातांची कवळी लावून. मी त्यांच्याकडे पाहिलं की ते जिभेनं कवळी दाबायचे. वकिलानं विचारलं, "बुधाजी दारू पीत असत, ही साक्ष तुझीच ना?"

"माझीच."

"मग आज खोटं का बोलतोस?"

"तवा खोटं बोललो होतो. आज नाही."

मग मी सांगायला लागलो. लाळेचं सांगितलं, दोन झेंड्यांचं सांगितलं. चार फटके सांगितले. साहेब लिहून घेत होते. खांद्याचं सांगेपर्यंत आवाज नीट होता. मग बाटलीवर आलो. ओठ हलत होते, आवाज निघत नव्हता. साहेब पुढं वाकले. वकील हसले आणि म्हणाले, "साहेब, याचं पाठांतर कच्चं आहे." लोक खुसखुसले. मला वाटलं, झालं. इतकं बोललो हे काय कमी आहे, उरलेलं राहू दे. साहेबांनी लेखणी खाली ठेवली. मी खाली बसायला पाय वाकवले होते, इंदू. खरंच वाकवले होते.

तेव्हा मागून तुझा आवाज आला. सतरा महिन्यांनी.

"मोठ्यानं सांग. मागं आयकू नाही येत."

साहेब म्हणाले, "कोण आहे ती बाई? बसा."

तू बसली नाहीस. "मी बुधाजीची बायको होय. मले अचलपूरची शेवटची गाडी पकडाची आहे. त्याले मोठ्यानं सांगाले लावा."

माझ्यानं मागं वळून पाहवलं नाही. मी टेबलाची कड धरली आणि पहिल्यापासून पुन्हा सुरू केलं, दोन झेंड्यांपासून. खिडकीबाहेर उभे असलेले शिपाई आत वळून बघायला लागले इतक्या मोठ्यानं. त्यांनी पहिला घोट गिळला, हे मी दोनदा सांगितलं.

पुंजाराम